दहाचा मित्र

मास्तरांना दहाचा मित्र सापडला तेव्हा ते इस्पितळात होते आणि पाण्याचा पेला त्यांना स्वतःच्या हाताने उचलता येत नव्हता. पेन्सिल मात्र उचलता येत होती.

दुपारी भेटायच्या वेळेला टाइमटेबल नेहमीसारखा आला. वहिनी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून संत्रं सोलत होत्या. मास्तरांच्या पोटावर एक्स-रेचं मोठं पाकीट आडवं ठेवलेलं होतं आणि त्याच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने आकडेच आकडे लिहिलेले होते.

“ये,” मास्तर म्हणाले. “बस. काही बोलू नकोस, आधी बघ.”

त्याला टाइमटेबल हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं होतं. बस डेपोच्या वरच्या मजल्यावर बसून तो गाड्यांची वेळापत्रकं बसवायचा. कुठली गाडी कधी सोडली म्हणजे पुढच्या चौकात दुसरीच्या शेपटीला लागणार नाही, हे ठरवण्यात त्याची नोकरी सरत आली होती. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. शाळा सुटायची वेळ आणि बसची वेळ जुळत नाही म्हणून ते एकदा डेपोत भांडायला आले, आणि भांडण संपलं तेव्हा दोघं एकाच कागदात डोकी घालून लसावि काढत बसले होते. तेव्हापासून टाइमटेबलची रविवारची दुपार मास्तरांच्या घरी जायची. त्याच्या स्वतःच्या घरी त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं.

दहाची भानगड मास्तरांनी वर्गातून घरी आणली. कोणतीही संख्या घ्यायची. तिला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज करायची, ती स्वतःही धरून, आणि त्या बेरजेला त्याच संख्येने भागायचं. सहाचं बघा: एक, दोन, तीन, सहा, बेरीज बारा, बारा भागिले सहा, दोन. अठ्ठावीसचंही उत्तर दोनच येतं. ज्यांचं उत्तर सारखं त्या संख्या एकमेकींच्या मित्र. चोवीसचं उत्तर अडीच, आणि चोवीसचा सगळ्यांत जवळचा मित्र गाठायचा तर थेट नऊ कोटी एकोणीस लाख त्रेसष्ट हजार सहाशे अठ्ठेचाळीसपर्यंत चालत जावं लागतं. मास्तर तो आकडा फळ्यावर लिहायचे, त्याचे अवयव पाडून दाखवायचे, आणि दंगेखोर वर्गसुद्धा गप्प बसायचा, कारण मास्तरांचा आवाजच तेव्हा वेगळा लागायचा. मग एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, दहाचा मित्र कोण?

दहाचं उत्तर एक पूर्णांक आठ दशांश. तेवढंच उत्तर आणखी कुणाचं येतं, हे मास्तरांना सांगता आलं नाही. पुस्तकं धुंडाळल्यावर कळलं की ते कुणालाच सांगता येत नाही. काही संख्यांना मित्रच नसतो. त्यांना एकाकी म्हणतात. सगळ्या मूळसंख्या तशा, आणि त्याला पक्की सिद्धता आहे. दहाबद्दल मात्र ना हो म्हणता येत होतं ना नाही. असलाच मित्र तर तो विषम असणार, वर्गसंख्या असणार, त्याला पाचाने भाग जाणार, तिनाने जाणार नाही, आणि तो अवाढव्य असणार, एवढं ठरलेलं होतं.

“स्थळ फार चांगलं आहे,” वहिनी म्हणायच्या. “रंग, उंची, नाकीडोळी, सगळं कळलंय. फक्त मुलगा जन्मलाय का तेवढं विचारून घ्या.”

“आणि जन्मलाच नसला तर, वहिनी?”

“तर दहा एकटा. राहू दे की. किती जण राहतात.”

मास्तर अशा वेळी हसायचे नाहीत. त्यांच्या घराखाली वहिनींची लाँड्री होती. वर दोन खोल्या, आणि त्यातली एक हळूहळू कागदांनी भरत गेली होती. टाइमटेबलच्या घरातला कॉम्प्युटर आकडे छापायचा, मास्तर ते चाळायचे, खुणा करायचे, आणि नव्या वाटा शोधायचे. कुठलीही वाट शेवटपर्यंत गेली नाही. मास्तर निवृत्त झाले, त्यांची फुप्फुसं खराब झाली, तरी लाँड्रीच्या पिशवीतून कागद इस्पितळात येत राहिले.

आता टाइमटेबलने पाकीट उजेडाकडे धरलं. मूळसंख्यांचे वर्ग वरून खाली मांडले होते आणि प्रत्येकाशेजारी त्याच्या विभाजकांची बेरीज. हिचा अवयव तिच्याशी कटत होता, तिचा पुढचीशी. तो बोटाने एकेक खोडत खाली आला. मग पुन्हा वर गेला आणि पुन्हा खाली आला. सगळं कटून वर नऊ उरले आणि खाली पाच. नऊ भागिले पाच, म्हणजे एक पूर्णांक आठ दशांश.

त्याने पाकीट खाली केलं.

“ही शेवटची कुठून आणली?” शेवटच्या ओळीत तेवीस अंकी एक संख्या होती.

“मी नाही आणली. एकच जागा उरली होती. तिथे कुणी बसायला हवं ते गणितानेच सांगितलं, मी लिहून घेतलं.”

“पण ही मूळसंख्या आहे ना? हिचे अवयव पडत असतील तर मग...”

“म्हणून तर तुझी वाट बघत होतो. इथे काय थर्मामीटर लावून तपासू?” मास्तरांना खोकला आला. तो ओसरायला वेळ लागला. “घरी जा. कॉम्प्युटरला विचार. उद्या सांग.”

वहिनींनी संत्र्याची फोड मास्तरांच्या तोंडात घातली आणि टाइमटेबलकडे बघितलं. “भावजी, खरंच सापडला?”

“तपासतो,” टाइमटेबल म्हणाला.

तेवीस अंकी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे सांगायला त्याच्या कॉम्प्युटरला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नसता. टाइमटेबल घरी गेला, पाकीट टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून बसला आणि कॉम्प्युटर चालू केलाच नाही. एवढ्या मोठ्या विषम संख्यांत पंचवीस-तीसांमागे एखादीच मूळ निघते, हे त्याला पाठ होतं. तो नुसता बसून राहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेला, भांडी घासली, शर्टाचं तुटलेलं बटण लावलं, खिडकीची काच पुसली. पाकीट टेबलावर होतं तिथेच होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. नर्सने सांगितलं, जास्त बोलू देऊ नका. मास्तरांनी मुखवटा हाताने बाजूला केला.

“काय म्हणाला?”

खाटेच्या पलीकडे वहिनी उभ्या होत्या. दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते.

“बरोबर आहे,” टाइमटेबल म्हणाला. “मूळ आहे. मिळाला, मास्तर.”

मास्तरांनी डोळे मिटले. कडेने पाणी ओघळलं आणि मुखवट्याच्या रबरी पट्टीखाली गेलं. त्यांनी हात पुढे केला तो टाइमटेबलने धरला. हाताला वजनच नव्हतं. “बघ,” ते वहिनींना म्हणाले, “जन्मलेला होता.” आणि त्या हसल्या. इतक्या दिवसांत टाइमटेबलने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मास्तर त्याच आठवड्यात गेले.

दफन झाल्यावर टाइमटेबल घरी आला आणि कोट न काढताच त्याने कॉम्प्युटर चालू केला. तेवीस अंक एकेक करून दाबले. पडद्यावर उत्तर उमटलं: संयुक्त. आपण एखादा अंक चुकीचा दाबला असेल म्हणून त्याने पुन्हा पाकीट बघून दाबले, मग वेगळ्या पद्धतीने तपासलं, मग अवयवच पाडायला सांगितले. सात अंकी एक अवयव चटकन निसटून हातात आला. मास्तरांच्या संख्येला भाग जात होता, आणि तोही काही खास नसलेल्या एका आकड्याने.

मग सगळे वर्ग गुणून होणारी ही प्रचंड संख्या आहे तरी कोण, म्हणून त्याने खरे विभाजक धरून उत्तर काढलं. ते एक पूर्णांक आठ दशांशच्या किंचित वर होतं. दशांशचिन्हानंतर सातव्या घरात फरक पडत होता. विषम होती, वर्गसंख्या होती, आणि उत्तर दोनाच्या आत म्हणून न्यून संख्यांत मोडत होती. अशा संख्यांना अंतपार नाही. कुणाही येरागबाळ्या संख्येबद्दल जेवढं सांगता येतं तेवढंच हिच्याबद्दल सांगता येत होतं, त्याहून एक अक्षर जास्त नाही.

वहिनींना सांगायलाच हवं, असं त्याने ठरवलं. मास्तरांना खोटं सांगितलं त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. पुन्हा तीच वेळ आली असती तर त्याने पुन्हा तेच केलं असतं. पण त्या खोट्याचं काम झालं होतं, आता ते पुढे वागवत नेण्यात अर्थ नव्हता. जरा दिवस जाऊ द्यावेत, मग रविवारी शांतपणे सांगावं.

रविवारच्या आधीच वहिनींचा फोन आला. “भावजी, जरा माझ्याबरोबर पाथरवटाकडे चला. थडग्याच्या दगडावर तो सबंध आकडा घालायचाय. मला त्यातलं काही कळत नाही, एखादा अंक इकडचा तिकडे झाला तर ते वरून ओरडतील.”

पाथरवटाचं आवार गावाच्या टोकाला होतं. दोघं चालत निघाले. वाटेत सांगू, असं टाइमटेबल मनाशी घोकत होता. पूल ओलांडला, गोदामांची रांग लागली, आणि त्याने घसा साफ केला.

“वहिनी, त्या आकड्याचं...”

“मला त्याचा किती राग होता तुम्हाला माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी चालता चालता बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत आणि चकचकीत होती. “हे बघितलंय ना तुम्ही?”

“भाजलं होतं तुम्हाला. वाफेच्या इस्त्रीने.”

“नळी सुटली. अंगावर वाफ. मी हाका मारतेय, आणि हे वर. अगदी डोक्यावर, त्या खोलीत. लाकडी तर जमीन. समोरच्या दुकानातला माणूस धावत आला रस्ता ओलांडून, पण ह्यांना ऐकू आलं नाही.” त्यांनी बाही खाली केली आणि बटण लावलं. “नंतर रडले, पाया पडले, सगळं केलं. पण मी काय म्हणते, ऐकू कसं येत नाही माणसाला? तेव्हापासून मी त्या आकड्याला सवतच मानत आले. मनात म्हणायचे, एक दिवस हा माणूस मरेल, आणि ती काही सापडायची नाही, आणि मग माझा हात कशासाठी भाजला?”

टाइमटेबल खाली बघत चालत राहिला.

“आता निदान कळलं,” वहिनी म्हणाल्या. “होती ती कुठेतरी. उगाच नव्हते बसत ते वर. तुम्ही काय म्हणत होता?”

“काही नाही. किती अंक बसतील दगडावर, ते बघावं लागेल.”

पाथरवट जाडजूड, कमी बोलणारा माणूस होता. भुवयांवर दगडाची पूड साचलेली. त्याने कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

“सगळ्या घरादाराचे फोन नंबर आहेत का, बाई?”

“एकच आकडा आहे,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याने शोधलेला.”

“एवढा मोठा होता तर सापडायला सोपा गेला असेल,” पाथरवट म्हणाला. वहिनींना ते आवडलं. त्या हे पुढे दोन-तीनदा लोकांना सांगणार होत्या. पाथरवटाने पट्टी लावून माप घेतलं. वर नाव, खाली पाच ओळींत अंक. “एकदा छिन्नी लागली की माझ्याकडे खोडरबर नाही. खडूने आखून ठेवतो. तुम्ही येऊन वाचून घ्या, मग हात लावतो.”

वाचायला टाइमटेबलच गेला. काळा दगड दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला होता. पाथरवट कागद धरून उभा राहिला आणि टाइमटेबलने दगडावरचे अंक मोठ्याने वाचले, एकेक, सावकाश. तिसऱ्या ओळीत एक चूक निघाली. सहाच्या जागी शून्य पडलं होतं. त्याने ते दाखवलं. पाथरवटाने ओल्या फडक्याने पुसून सहा काढला आणि म्हणाला, “बरं झालं तुम्ही आलात. नाहीतर जन्मभर चुकीचं राहिलं असतं.”

त्या वेळी तो निघून जाऊ शकला असता, किंवा सगळंच पुसा म्हणू शकला असता. त्याच्या तोंडावर ते आलंही होतं. पण मग वहिनींना काय सांगायचं, आणि ते कुठल्या वाक्याने सुरू करायचं, हे त्याला सुचेना. त्याने राहिलेल्या दोन ओळी वाचल्या. दोन्ही बरोबर होत्या.

दगड बसला. वहिनी दर आठवड्याला जाऊन तो ओल्या फडक्याने पुसायच्या. लाँड्रीच्या काउंटरवर त्यांनी त्याचा फोटो चौकटीत घालून ठेवला. गिऱ्हाईक विचारायचं, हे काय, आणि वहिनी सांगायच्या. सहा आणि अठ्ठावीसचं त्यांना चोख सांगता यायला लागलं होतं, चोवीसचंही. आजवर जे कानावर पडत होतं आणि त्या मुद्दाम ऐकत नव्हत्या, ते सगळं आत जाऊन बसलेलं होतं. टाइमटेबल रविवारी यायचा तेव्हा त्या काहीबाही विचारायच्या. वर्गसंख्याच का? सम का चालत नाही? तो समजावून सांगायचा. “सम असेल तर पाच आणि दोन दोन्ही आले, म्हणजे दहाने भाग गेला. मग उत्तर दहाच्या उत्तरापेक्षा मोठंच येणार.” वहिनी बोटांवर करून बघायच्या आणि त्यांचा चेहरा उजळायचा. “अगं बाई, खरंच की. एवढं सोपं त्यांनी मला कधी सांगितलं नाही.” “तुम्ही कधी विचारलं नाहीत,” टाइमटेबल म्हणायचा, आणि चहाच्या कपात बघायचा.

पाच-सहा महिने असे गेले. टाइमटेबल रोज कॉम्प्युटर चालू ठेवायचा. खरा मित्र सापडला तर दगड बदलता येईल, चूक सापडली आणि सुधारली म्हणून सांगता येईल, असं त्याने मनाशी मांडलं होतं. त्याचा त्यालाच त्यावर विश्वास नव्हता. जिथे इतकी वर्षं काही मिळालं नाही तिथे ते आता त्याच्या सोयीसाठी मिळणार नव्हतं.

लाँड्रीत एक प्राध्यापिका आपले कोट टाकायची. विद्यापीठात गणित शिकवायची. एका सकाळी तिने काउंटरवरचा फोटो बघितला, वहिनींनी सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं, आणि फोटोचा फोटो काढून नेला. दोन दिवसांनी कोट न्यायला आली तेव्हा ती बराच वेळ दारातच उभी राहिली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं ते जाऊ दिलं, मग आत आली. वहिनींचा हात हातात घेऊन तिने सांगितलं. फार सांभाळून सांगितलं, चूक किती सुंदर आहे, किती थोडक्यात हुकलंय, भल्याभल्यांची अशी चूक झालेली आहे. वहिनींनी तिला एकच प्रश्न विचारला.

“हे कळायला तुम्हाला किती वेळ लागला?”

“अवयव पाडायला? काहीच नाही. फोनवरसुद्धा होतं.”

वहिनींनी शटर ओढलं आणि तशाच डेपोत आल्या.

टाइमटेबलच्या खोलीत एक आख्खी भिंत खुंट्यांनी भरलेली होती आणि खुंट्याखुंट्यांतून रंगीत दोरे ताणलेले होते. एकेक दोरा म्हणजे एकेक गाडी. तो स्टुलावर उभा राहून हिरवा दोरा सोडवत होता. वहिनी आजवर कधी डेपोत आल्या नव्हत्या. त्यांना दारात बघताच काय झालं ते तो समजला. स्टुलावरून खाली उतरला.

“तुम्ही त्या दिवशी तपासलं होतं का?” वहिनींनी विचारलं.

“नाही.”

“न तपासता सांगितलंत त्यांना.”

“हो. मला धीर झाला नाही. ते असे बघत होते...”

“त्यांना सांगितलंत ते राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. “ते मीही सांगितलं असतं. मरणाऱ्या माणसाला कुणीही सांगेल. मग कधी तपासलंत?”

“दफनावरून आल्यावर.”

“म्हणजे दगडाच्या आधी.”

टाइमटेबलने मान हलवली. हिरवा दोरा त्याच्या बोटांना गुंडाळलेला होता तो त्याने सोडवायचा प्रयत्न केला.

“पूल ओलांडल्यावर तुम्ही सांगणार होता. मी हात दाखवला तेव्हा.”

“हो.”

“आणि मग तुम्हाला माझी दया आली.”

“तसं नाही, वहिनी. तुम्ही म्हणालात, आता निदान कळलं, आणि...”

“मी येड्यासारखी साऱ्या गावाला सांगत बसले. शेजारणीला, शाळेच्या शिपायाला, सूट टाकायला येणाऱ्या त्या वकिलाला. बोटं मोजून सांगत होते, भावजी. तुम्ही समोर बसून चहा पीत होता. मी चुकले की सुधारत होता.” त्या थोडा वेळ भिंतीवरच्या दोऱ्यांकडे बघत राहिल्या. “त्यांना माझी हाक ऐकू आली नाही. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं.”

खाली आवारात एक गाडी मागे घेत होते, तिची कर्कश पिपाणी वाजत राहिली. ती थांबल्यावर टाइमटेबल म्हणाला, “मी शोधतोय अजून. रोज. सापडला तर आपण...”

“नका.”

“वहिनी...”

“रविवारी येऊ नका. कपडे दुसरीकडे टाका.” दारातून त्या वळल्या. “आणि दहाला मित्र आहे की नाही ते कधी कळलंच, तर मला कळवू नका.”

जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली. मग तीही गाड्यांच्या आवाजात गेली. त्या दिवशी टाइमटेबलने हिरवा दोरा चुकीच्या खुंटीला लावला आणि दुपारी दोन गाड्या एकाच थांब्यावर एकामागे एक जाऊन उभ्या राहिल्या. साहेबाने विचारलं, तब्येत बरी नाही का. तो म्हणाला, नाही.

पुढचं त्याला पाथरवटाकडून कळलं. तोच बसमध्ये भेटला. बाईंनी आकडे काढायला सांगितले. पाथरवट म्हणाला होता, काढता येत नाहीत, घासावं लागेल, आणि घासलं तर नावही जाईल, कारण वरचा सबंध थर उतरवावा लागतो. बाई म्हणाल्या, जाऊ दे. नाव पुन्हा घालू का विचारलं तर म्हणाल्या, नंतर बघू. “मग आल्याच नाहीत,” पाथरवट म्हणाला. “कोराच आहे दगड. मला बरं दिसत नाही ते, पण काय करणार.”

टाइमटेबल एकदा जाऊन बघून आला. दगड पातळ झाला होता आणि घासल्याने राखाडी पडला होता. शेजारच्या सगळ्या दगडांवर नावं होती. हा कुणाचा, हे माहीत असणाऱ्यालाच माहीत. तो जवळ गेला नाही, वाटेवरूनच परतला.

कॉम्प्युटर त्याने काही दिवस चालू ठेवला, सवयीने. पण छापलेले कागद बघायला बसलं की बोलायला कुणी नव्हतं. एखादी वाट थोडी पुढे गेली की तो मान वर करायचा आणि समोर भिंत असायची. हे काम आपण मास्तरांबरोबर बसता यावं म्हणून करत होतो, दहाशी आपलं तसं काही देणंघेणं नव्हतं, हे त्याला तेव्हा उमगलं, आणि ते कळून काही हलकं वाटलं नाही. एका सकाळी त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि वर चादर टाकली.

थंडी संपता संपता लाँड्रीच्या नव्या मालकाचा फोन आला. बाई दुकान देऊन आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. कुठे, ते सांगून गेल्या नाहीत. वरच्या खोलीतले कागद तुमचे आहेत म्हणाल्या, न्यायचे तर न्या, नाहीतर रद्दीवाला बोलावतो.

टाइमटेबल गेला. खालच्या दुकानात इस्त्रीचं टेबल हलवल्याचे पांढरे चौकोन जमिनीवर राहिले होते. वरच्या खोलीत कागद भिंतीला लागून खांद्याइतके उंच रचलेले होते. त्याने एक गठ्ठा काढला. मास्तरांच्या लाल खुणा, समासात बारीक अक्षर, एका ठिकाणी “टाइमटेबलला विचारणे”, एका ठिकाणी नुसतं “अरेरे”. त्याने तो परत ठेवला. एवढं सगळं ठेवायला त्याच्या घरात जागा नव्हती, आणि निवडून काय घ्यायचं हे ठरेना. सगळीच पानं सारखी होती. कुठल्याच पानावर काही सापडलेलं नव्हतं.

शेवटी रद्दीवाला आला. जिना अरुंद होता म्हणून टाइमटेबलनेही गठ्ठे खाली उतरवायला हात लावला. दोघांनी मिळून हातगाडी भरली.

रद्दीवाल्याने वरचा गठ्ठा उचलून चाळला. “काय आहे हे सगळं, साहेब?”

“आकडे.”

“मागची बाजू कोरी आहे का? शाळेतली पोरं घेतात कच्च्या कामाला.”

“नाही,” टाइमटेबल म्हणाला. “दोन्हीकडून लिहिलंय.”

रद्दीवाल्याने दोन-चार पानं उलटून खात्री करून घेतली, गठ्ठा पुन्हा गाडीवर टाकला आणि दोरी आवळायला लागला. टाइमटेबलने दुसरं टोक धरलं.